१०० एमएम मॅक्रो लेन्स: सड्यावर आणि परसात आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल आयएस मॅक्रो सेकंडहँड घेतली. मॅक्रो म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या काढणारी लेन्स. कॅमेऱ्याची बॉडी कॅननचीच २००डी. पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन आणि थंडीतल्या दवाच्या सकाळी हे सगळं पाहून झाल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता जानेवारीत लिहितोय.

आधी वर्षभर मित्राची ईएफ-एस ६० एमएम वापरत होतो. ती फार गुणी लेन्स आहे. शार्पनेसमध्ये मला तरी दोघींत डावंउजवं करता आलं नाही आणि १:१, म्हणजे सेन्सरवर किड्याची प्रतिमा किड्याइतकीच मोठी, दोघीही देतात. तरी ६० एमएमने मला टाचणीचा (चतुरासारखा, पण बारीक अंगाचा उडणारा किडा) एक धड फोटो मिळाला नव्हता. आमच्या चिपळूणकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पावसात डबकी साचतात. तिथे गवताच्या काडीवर टाचणी बसलेली असते. पोटावर सरपटत जवळ जायचं, फोकस जुळत आला की ती उठून हातभर पुढच्या काडीवर. पुन्हा सरपटायचं, पुन्हा तेच.

कारण अंतराचं आहे. लेन्सच्या माहितीत ‘किमान फोकस अंतर’ लिहिलेलं असतं ते सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. त्यातून लेन्सची लांबी आणि ईएफ माउंटचे (लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचे) ४४ मिमी वजा केले की किड्यापर्यंत खरी किती जागा उरते ते कळतं. ६० एमएमचं किमान अंतर २० सेंमी, म्हणजे १:१ ला समोर उरतात जेमतेम ९ सेंमी. १०० एमएमचं ३० सेंमी, उरतात साधारण १३. कागदावर हे ४ सेंमी काहीच वाटत नाहीत, पण लेन्सची सावली किड्यावर पडते की नाही ते याच ४ सेंमीत ठरतं. ही लेन्स फोकस करताना लांबही होत नाही. ज्या लेन्सचं नळकांडं पुढे येतं, तिथे किड्याला काहीतरी अंगावर येतंय असं दिसतं आणि वरचा हिशेबही चुकतो. हूड (लेन्सच्या तोंडावरचं आवरण) मात्र मी काढूनच ठेवतो, त्यात बरीच जागा जाते.

परसातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या असतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्या. मोठ्या अळीच्या पाठीवर दोन डोळे दिसतात ते खोटे, खरं डोकं खाली दुमडलेलं असतं. जरा छेडलं की मानेतून लालभडक दुहेरी शिंग बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. ६० एमएमने मला या अळ्या कायम चिडलेल्याच मिळाल्या. आता ती पानाची कड कुरतडत असतानाचे फोटो आहेत, कडेवर वरून खालपर्यंत सरकत जाणारं ते डोकं, आणि तिला माझा पत्ताही नाही.

फोकसबद्दल सांगायलाच हवं. १:१ ला एफ/११ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तर छिद्र लहान) या बॉडीवर जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. ऑटोफोकस तिथे सोडून द्या. फोकस १:१ वर ठेवायचा, कोपर जमिनीला टेकवायचं आणि श्वास धरून शरीरच केसभर पुढेमागे करायचं. शिवाय १:१ ला एफ/११ ठेवला तरी प्रकाश जवळपास एफ/२२ इतकाच पोचतो, कॅमेऱ्यावर मात्र ११च दिसतो. एफ/१६ च्या पुढे गेलात तर स्पष्ट येणाऱ्या भागाची खोली वाढते पण सगळंच मऊ पडतं. म्हणून मी एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) २०० आणि छोटा फ्लॅश यावर स्थिरावलोय. फ्लॅशपुढे डिफ्युझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, हवाच. माझा डिफ्युझर म्हणजे नव्या मिक्सरच्या खोक्यात आलेला पांढरा फोम, दोन पदरी. भुंगेऱ्यासारख्या चकचकीत पाठीच्या किड्यांवर त्याने जो फरक पडला तो लेन्स बदलून पडला नसता. मागे पान नसेल तर पार्श्वभूमी काळी येते. तेव्हा आयएसओ ८०० पर्यंत नेतो, किंवा मागे पान येईल असा कोन धरतो.

स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, लेन्सच्या नावातलं आयएस) हे जास्त पैसे द्यावेत असं कारण नाही, निदान किड्यांसाठी. कंपनीच १:१ ला दोन स्टॉपचा फायदा सांगते, लांबवर चार (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं). फ्लॅश वापरताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर दिसतं, इतकाच मला उपयोग झाला. फुलपाखरांसाठी दुरून काढताना मात्र तो खरंच कामाला येतो.

मुंगीसाठी १:१ कमी पडतं. या सेन्सरवर १:१ ला चौकट २२ मिमी रुंद असते, त्यात ओंबील (झाडावर पानांचं घरटं करणारी लाल मुंगी) लहानच दिसते. त्यासाठी रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढे चिमट्याने बसणारी जोडभिंग घेतली. ५२ ते ६७ मिमीच्या कुठल्याही लेन्सवर बसते. १०० एमएमवर लावली की २:१ च्या पुढे जाता येतं, पण समोरची जागा पुन्हा घटते. ज्यांच्याकडे ५५-२५० झूम आहे त्यांना माझं सांगणं, मॅक्रो लेन्सआधी हे भिंग घ्या. झूमचा फोकस अनंतावर ठेवून २५० एमएमला २:१, १०० एमएमला ०.८:१, आणि झूम कितीही बदला, किड्यापासूनचं अंतर साधारण ११-१२ सेंमीच राहतं. त्याहून दूर किंवा जवळ फोकस होत नाही ही अडचण आहे, मोठं फुलपाखरू पंख पसरून बसलं तर ते चौकटीत मावत नाही. पण आपल्याला किडे काढायला खरंच आवडतंय का, ते या भिंगावर एका पावसाळ्यात कळतं.

सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून बघा. मी आधी पाहिलेल्या एका लेन्समध्ये ‘धूळ आहे’ म्हणून सांगितलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं होतं, म्हणजे बुरशी. कोकणात हा धोका कायमचाच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि निळं सिलिका जेल, ते गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करायचं. पूर्ण पावसाळा लेन्स अशीच ठेवली, काच स्वच्छ आहे.

नोव्हेंबरात काजूच्या फांदीवर ओंबिलांचं घरटं बांधणं चालू होतं. काहीजणी पानांच्या कडा ओढून धरतात आणि एक कामकरी स्वतःच्याच वसाहतीतली अळी जबड्यात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवते, अळीच्या तोंडातून निघालेल्या रेशमाने पानं शिवली जातात. रेनॉक्स लावून तासभर उभा होतो, मनगटावर चार-पाच चावे घेऊन. एकशे चाळीस फोटोंपैकी एकात ओंबिलीचा डोळा आणि अळीच्या तोंडातला धागा दोन्ही एकाच पातळीत आले. तो फोटो छापून भिंतीवर लावलाय.