बॉइंक बिघडत नाही, रुसून बसतं (आठ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉइंक म्हणजे बर्कलीच्या युनिव्हर्सिटीतून २००२ साली निघालेलं फुकट सॉफ्टवेअर, आपला कॉम्प्युटर नुसता बसून असला की त्याच्याकडून शास्त्रज्ञांची आकडेमोड करून घेतं. १९९९ मध्ये सेटी ॲट होम आलं होतं ना, ते स्क्रीनसेव्हरवालं, परग्रहावरचे सिग्नल शोधणारं, तेही नंतर ह्याच्यावरच चालायचं, मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम देणं बंद केलं. पण बॉइंक चालूच आहे, त्यात आपल्याला हवा तो प्रोजेक्ट जोडायचा.

मी आइन्स्टाइन ॲट होम जोडला. कारण एकच, मी हिंगोलीचा, आणि आमच्या औंढा नागनाथला लायगो इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २६०० कोटी मंजूर केले तेव्हा इकडे चहाच्या टपरीवर पण गुरुत्वीय लहरींची चर्चा होती (आणि जमिनीच्या भावाची, ती जास्त). आपल्याकडचं उभं राहील तेव्हा राहील, तोवर अमेरिकेतल्या लायगोचा डेटा घरबसल्या चाळायला मिळतोय म्हटल्यावर कोण सोडणार. लायगोशिवाय रेडिओ दुर्बिणींचा आणि फर्मी उपग्रहाचा डेटा पण असतो, त्यातून पल्सार (स्वतःभोवती गरगर फिरणारे मेलेले तारे) शोधतात. २०१० मध्ये खरंच सापडला होता एक, सेकंदाला जवळपास ४१ गिरक्या घेणारा, आणि तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या कॉम्प्युटरवर सापडला.

इन्स्टॉल करायला दहा मिनिटं लागली. चालवायला तीन आठवडे.

माझा कॉम्प्युटर म्हणजे असेंबल केलेला जुना आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. पहिल्या दिवशी काम आलं, टक्के वाढायला लागले, मी खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी रात्री बघतो तर ६२ टक्क्यांवर असलेलं काम ५८ वर! मला वाटलं माझीच नजर चुकली, म्हणून कागदावर लिहून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी पण तेच, पुढे जातंय आणि मागे येतंय, गाढवासारखं. मग विंडोज अपडेट केलं, बॉइंक काढून परत टाकलं, काही उपयोग नाही.

उत्तर पहिल्या दिवसापासून समोरच होतं, फक्त मी उघडत नव्हतो. इव्हेंट लॉग म्हणून एक खिडकी आहे, कंट्रोल शिफ्ट ई दाबलं की येते, आणि त्यात बॉइंक सगळं लिहून ठेवतं, कधी थांबलो, का थांबलो, काम का मागितलं नाही, सगळं. माझ्या लॉगमध्ये ओळीने एकच तक्रार होती, सीपीयू बिझी आहे म्हणून थांबलो. म्हणजे काय तर सेटिंगमध्ये एक आकडा असतो, बाकीच्या प्रोग्रामनी सीपीयू इतक्या टक्क्यांच्या वर वापरला की बॉइंकने बाजूला व्हायचं, माझ्याकडे तो २५ होता, आणि माझ्या ब्राउझरमध्ये तीसेक टॅब कायम उघडे, ते ताबडतोब २५ ओलांडायचे. त्यात भर म्हणजे थांबलेलं काम मेमरीत ठेवायची टिक काढलेली, मग काम मेमरीतून जायचं आणि परत सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून (म्हणजे काम जिथपर्यंत सेव्ह झालं होतं तिथपासून) सुरू व्हायचं, म्हणून टक्के मागे. टिक लावली, आकडा वाढवला, संपलं. एवढ्यासाठी मी विंडोज अपडेट करत बसलो होतो.

हे पण लगेच झालं नाही हां. मी आधी ही सेटिंग प्रोजेक्टच्या वेबसाइटवर जाऊन बदलली आणि तीन दिवस वाट बघितली. पण आपल्या कॉम्प्युटरवर एकदा जरी सेटिंगची खिडकी उघडून सेव्ह केलं असेल तर ते लोकल सेटिंग वेबसाइटवरच्याला जुमानत नाही. तिथे वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तसं, पण बारीक अक्षर कोण वाचतं.

पंख्याचं सांगतो. आई म्हणायला लागली, "अरे तुझं ते मशीन दम्याच्या पेशंटसारखं का करतंय?" आणि खरंच तसंच होतं, घों करायचा, शांत व्हायचा, परत घों. मी गरम होऊ नये म्हणून सीपीयू टाइम ६० टक्के केला होता, तर त्याचा अर्थ सगळे कोर ६० टक्के जोराने चालतात असा नाही, काही क्षण फुल्ल चालायचं, काही क्षण थांबायचं असा आहे. त्यापेक्षा टाइम १०० ठेवायचा आणि कोरच अर्धे द्यायचे, पंखा एकसारखा चालतो. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला तेव्हा जेवढी धूळ निघाली ती इथे सांगत नाही.

ग्राफिक्स कार्ड दिसत नसेल तर बहुतेक वेळा विंडोजने स्वतःहून टाकलेला ड्रायव्हर असतो, त्यात ओपनसीएल (कार्डाकडून आकडेमोड करून घ्यायला लागतं ते) नसतं, कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर टाका. आणि इन्स्टॉल करताना सर्व्हिस म्हणून (म्हणजे लॉगिन न करताही मागे चालू राहील असं) टाकलं असेल तर कार्ड दिसणारच नाही, ते वेगळं. एकदा माझी सात-आठ कामं पटापट कॉम्प्युटेशन एरर देऊन मेली, तर अँटिव्हायरसने (नाव नको) आत आलेली प्रोग्रामची फाइलच कोंडून ठेवली होती. प्रोग्रामडेटामधला बॉइंकचा फोल्डर स्कॅनमधून वगळला, तेव्हापासून एरर बंद. तो फोल्डर लपवलेला असतो, पत्ता हाताने टाइप करावा लागतो.

विजेचं विचारणारे असतात म्हणून, प्लगला मीटर लावून बघितलं, अर्ध्या कोरवर माझं मशीन ६० वॅट जास्त खातं. रोज दहा तास धरले तर महिन्याला १८ युनिट. आमचं बिल १०० युनिटच्या काठावर असतं, त्यामुळे उन्हाळ्यात कूलर लागला की मी बॉइंक बंद ठेवतो, शास्त्र थांबू शकतं, बाबा नाही. लाईट गेली तर फार काही बिघडत नाही, चेकपॉइंटपासून पुढे चालू होतं, आणि माझ्याकडे आलेल्या कामांना साधारण १४ दिवसांची मुदत असते त्यामुळे घाई नसते. पहिल्याच दिवशी दहा दिवसांचा साठा मागवू नका मात्र, मी मागवला आणि अर्धी कामं मुदतीबाहेर गेली.

"पैसे मिळतात का ह्याचे?" असं आईने विचारलं होतं. नाही, क्रेडिट मिळतं, त्याचं काहीच घेता येत नाही, अगदी वडापाव पण नाही. तरी मी रोज सकाळी बघतो किती झालं ते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दिसण्यासाठी, कारण साध्या व्ह्यूमध्ये कामाचं काहीच सापडत नाही, टाकल्या टाकल्या ॲडव्हान्स्ड व्ह्यूवर जा. अँड्रॉइडचं ॲप पण आहे, बाबांच्या जुन्या फोनवर टाकून दिलं होतं, पण ते फोन चार्जिंगला, वायफायवर आणि बॅटरी ९० टक्के असेल तरच काम करतं, आणि बाबांचा फोन मी ९० टक्के कधी बघितलाच नाही.