मार्कर बॉय सोडायला शिकताना: रील की स्पूल?

स्कूबा डायव्हिंगमध्ये पाण्याखालून सरफेस मार्कर बॉय (डायव्हर कुठे आहे हे पृष्ठभागावर दाखवणारा, हवा भरलेला तरंगता फुगा) वर सोडायला शिकताना पहिला प्रश्न दोरीचा येतो: बॉयला बांधलेली ही दोरी रीलवर घ्यायची की स्पूलवर?

रीलला मूठ असते, दोरी गुंडाळायला हँडल असतं आणि बहुतेक वेळा दोरी अडवणारा खटकाही. खोलवरून बॉय सोडायचा असेल, दोरी लांब लागणार असेल, तर ती सोयीची. पण बॉय वर झेपावताना दोरी सैल पडली की ती रीलमध्ये गुंतते, आणि गुंतलेली रील घट्ट धरून ठेवणारा डायव्हर बॉयसोबत वर खेचला जातो. नवशिक्यासाठी खरा धोका हाच. म्हणून रील असो वा स्पूल, अडकलं की हातातून सोडून द्यायचं, आणि बॉय सोडताना ते जॅकेटला क्लिप करायचं नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं इतकं महत्त्वाचं आहे.

स्पूल म्हणजे दोरी गुंडाळलेली साधी फिरकी; तिच्यात अडकण्यासारखे भागच नाहीत. अंगठा आणि बोटाच्या मध्ये सैल धरली की ती मोकळी फिरते. गुंडाळणं मात्र हातानेच. जाड हातमोज्यांत ते जिकिरीचं होतं.

शिकणाऱ्याच्या हाती मी स्पूलच देईन, तीही उथळ पाण्यात. हवा थोडीच भरायची: 10 मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट फुगते.