‘द क्रोफील्ड कर्स’: आधी घंटांचं गणित, मग देवदूत

पॅट वॉल्शची ही कादंबरी 2010 ची, त्यामुळे कथानक परत सांगत बसत नाही. 1347 चा हिवाळा, मठात राबणारा अनाथ विल, सापळ्यातून सुटलेला हॉब (इंग्रजी लोककथांतला एक छोटा अद्भुत जीव), जंगलात पुरलेला देवदूत. एवढं पुरे.

पहिल्या वाचनानंतर मत साधारणच होतं. हॉब सापडतो तिथे पकड बसते आणि मग मठातली कामं सुरू होतात. लाकडं आणा, पाणी भरा, पुन्हा घंटा, पुन्हा प्रार्थना. भरताड वाटते. पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकात लाकूडफाटा किती वाचायचा?

दुसऱ्या वाचनात मत बदललं, ते घंटांमुळे. मध्ययुगीन मठाचा तास साठ मिनिटांचा नसे. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग, रात्रीचे वेगळे बारा. मध्य इंग्लंडात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवसाचा ‘तास’ जेमतेम चाळीस मिनिटांचा, रात्रीचा ऐंशीच्या वर. पुण्यात भर डिसेंबरातही अकरा तास उजेड असतो, म्हणून आपल्या डोक्यात विलचा दिवस आपोआप लांबतो. तो तसा नाही. जंगलात जाऊन मोळी घेऊन उजेडी परतायचं तर हाताशी फार थोडा वेळ उरतो, आणि इथे जंगलात अंधार पडणं म्हणजे काय ते वाचकाला ठाऊक असतं. भरताड वाटलेली कामं तेव्हा घड्याळासारखी टिकटिकू लागतात.

उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून बुकमार्क करा आणि त्यावर मठातल्या दिवसभराच्या प्रार्थना क्रमाने लिहा: मॅटिन्स मध्यरात्रीनंतर, लॉड्स पहाटे, प्राइम उजाडताना, टर्स सकाळी दहाच्या आसपास, सेक्स्ट मध्यान्ही, नोन दोनच्या सुमारास, व्हेस्पर्स दिवेलागणीला, कॉम्प्लिन झोपण्याआधी. या वेळा ऐन हिवाळ्याच्या, उन्हाळ्यात सगळं सरकतं. त्या काळी यांत्रिक घड्याळं मोजक्या मोठ्या चर्चांत आणि मठांत आली होती. क्रोफील्डसारख्या गरीब मठात अशी अपेक्षा धरू नका.

पट्टीच्या मागच्या बाजूला नकाशा काढा. चर्च, त्याला लागून बहुधा दक्षिणेकडे चौकोनी क्लॉइस्टर (छपराच्या ओवऱ्यांनी वेढलेलं अंगण), त्याच्या पूर्वेला सभागृह आणि वर शयनगृह, अंगणापलीकडे चर्चच्या समोरच्या बाजूला भोजनगृह. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची खोली सोडली तर शेकोटी सहसा एकाच खोलीत. हे डोळ्यांपुढे नसेल तर कोण कुठून कुणाचं बोलणं ऐकतंय याचा गोंधळ उडतो. भुकेचंही तसंच. सेंट बेनेडिक्टच्या नियमावलीत सप्टेंबरच्या मध्यापासून लेंटपर्यंत (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) दिवसातून एकच जेवण, तेही नोननंतर. पुढे पुष्कळ मठांनी यात सवलती घेतल्या, पण हिवाळ्यातली चिडचिड कुठून येते ते समजतं.

लेखिका पुरातत्त्वज्ञ आहे आणि ते जाणवतं. थंडी, चिखल, ओला दगड यांत ती कुठेच हात आखडत नाही. ब्रदर स्नेल हे पात्र सगळ्यांत जमलेलं. हॉबला मात्र कोकणातल्या राखणदाराच्या पंक्तीला बसवू नका. तो राखण करत नाही, नारळ मागत नाही, लहानसा केसाळ जीव आहे आणि स्वभावाने बरा. शॅडलॉक आणि जेकोबस बोन हे दोघे पाहुणे मठात आल्यावर वेग वाढतो, पण शेवटाला घाई झाली हे माझं मत दुसऱ्या वाचनातही कायम आहे.

वर्षही ध्यानात ठेवा. प्लेग इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोचला 1348 च्या उन्हाळ्यात. पात्रांना ते ठाऊक नाही, आपल्याला आहे.

खरेदीचं म्हणाल तर जुनी पेपरबॅक घेताना कण्याचा फोटो मागवा. गोंद वाळलेली प्रत सपाट उघडली की मधली पानं सुटतात, आणि हे पुस्तक नकाशा शेजारी ठेवून वाचायचं म्हणजे सपाट उघडावंच लागतं. बारा-तेरा वर्षांच्या, इंग्रजी सरावाच्या वाचकाला झेपेल. दुसरा भाग ‘द क्रोफील्ड डीमन’ जोडीने घेऊ नका. पहिल्यातल्या घंटा आवडल्या तरच त्यावर खर्च करा.