‘शांताराम’ आधी वाचावी की ‘पॅपिलॉन’?

पावसाळा लागला की आमच्या वाचनालयात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. दोन्ही पुस्तकं जाडजूड, दोन्ही तुरुंगातून पळालेल्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेली, आणि दोन्ही मराठीत आहेत. ‘पॅपिलॉन’ रवींद्र गुर्जरांनी आणली, ‘शांताराम’ अपर्णा वेलणकरांनी. गणेशचतुर्थीपर्यंत एकच वाचून होणार असेल तर माझं मत ‘शांताराम’ला. पण सगळ्यांसाठी नाही.

‘पॅपिलॉन’ सरळ धावते. तिचा लेखक आंरी शारिएर याला १९३१ मध्ये फ्रान्समध्ये खुनासाठी जन्मठेप झाली आणि त्याला समुद्रापार फ्रेंच गयानाच्या वसाहतीत पाठवलं. हा खून आपण केलाच नाही, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्यामुळे पुस्तकाला पहिल्या पानापासून एकच दिशा आहे: इथून बाहेर पडायचं. पळणं, पकडलं जाणं, पुन्हा पळणं. एकांतवासाची पानं मला सगळ्यांत भारी वाटली. बोलायला बंदी, आणि वेड लागू नये म्हणून तो कोठडीत पावलं मोजत येरझारा घालतो. ती वाचताना गोवामुक्तीसाठी लढलेले सावईवेऱ्याचे मराठी शिक्षक मोहन रानडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिलेले रानडे १९६९ मध्ये सुटले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘पॅपिलॉन’ प्रसिद्ध झाली. दोघांच्या तुरुंगवासाचं कारण अगदी वेगळं. पण समुद्रापारची शिक्षा म्हणजे काय, हे गोव्याच्या वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. शारिएरने सांगितलेलं सगळं त्याच्याच बाबतीत घडलं का, यावर फ्रान्समध्ये तेव्हाच वाद झाला. मला त्याने फारसा फरक पडला नाही. ज्यांना आत्मचरित्र म्हटलं की शब्दन् शब्द खरा हवा असतो, त्यांनी मात्र हे आधीच माहीत करून घ्यावं.

‘शांताराम’चा नायक पळून झाल्यावर गोष्ट सुरू होते, आणि इथेच ती मला जास्त मोठी वाटते. तिचा लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स १९८० मध्ये मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून भरदिवसा भिंतीवरून पळाला. हेरॉइनचं व्यसन आणि त्यासाठी घातलेले दरोडे हा त्याचा गुन्हा. तो गुन्हा तो नाकारत नाही. खोट्या पासपोर्टवर मुंबईत उतरलेला त्याचा नायक लिन बाहेर पडायला धडपडत नाही. कुणीतरी आपल्याला आत घ्यावं, एवढंच त्याला हवं असतं. आणि त्याला आत घेतात ती आपली माणसं: वाटाड्या प्रभाकर, त्याचं महाराष्ट्रातलं गाव, प्रभाकरची आई, जी त्याला शांताराम हे नाव देते.

त्या गावात पावसात नदी फुगते आणि लिन घाबरतो. गावकरी मात्र पाणी कुठवर चढेल यावर पैज लावून काठावर आपापल्या खुणा रोवून बसलेले असतात. पुढे कुलाब्याच्या झोपडपट्टीत तो दवाखाना चालवतो, आर्थर रोडच्या तुरुंगात मार खाऊन अर्धा होतो. गावात आणि वस्तीत त्याच्याकडे कोणी कागदपत्रं मागत नाही. माणूस कामाला येतो का, एवढंच बघतात. हा भाग वाचताना मी कितीतरी वेळा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

गोव्यात आपण परदेशी माणूस नेहमी बाहेरून बघतो. भाड्याची खोली, स्कूटर, आणि मागचं आयुष्य कुणालाच ठाऊक नाही. १९८६ मध्ये तिहारमधून पळालेला कुख्यात खुनी चार्ल्स शोभराज पर्वरीच्या हॉटेलात मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंड्यांच्या हाती लागला, ती गोष्ट अजून सांगितली जाते. शोभराज आणि लिन यांची बरोबरी मी करणार नाही. पण अशा माणसाच्या डोक्यात रात्री काय चालतं, दारावर थाप पडली की काय होतं, हे ‘शांताराम’ आतून दाखवते.

दोष आहेतच. लिन जिच्या प्रेमात पडतो ती कार्ला प्रत्येक वाक्य सुभाषितासारखं बोलते, माफिया डॉन खादरभाईचं तत्त्वज्ञान लांबतं, आणि लिन स्वतःच्या शौर्यावर जरा जास्तच खूश असतो. अफगाणिस्तानचा भाग मला थकवून गेला. इंग्रजीत नऊशेहून जास्त पानं, म्हणजे कदंबच्या बसमध्ये मांडीवर घेऊन वाचण्यातलं हे पुस्तक नव्हे. रोजच्या प्रवासात, तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्यांनी ‘पॅपिलॉन’च घ्यावी. तिचा धागा सुटत नाही. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला वाचनाची गोडी लावायची असेल तरीही तीच.

ज्यांच्याकडे सलग दुपारी आहेत, ज्यांना माणसं हवी आहेत, त्यांनी ‘शांताराम’ उचलावी. अफगाणिस्तानात कंटाळा आला तर पानं चाळत पुढे जा, पण प्रभाकरचं एकही पान गाळू नका. २०१५ चा दुसरा भाग, ‘द माउंटन शॅडो’, नाही वाचला तरी चालेल. २०२२ ची मालिका आधी बघू नका. तिचं बरंचसं चित्रीकरण थायलंडमध्ये झालं, आणि पुस्तकातली मुंबई मला तिच्यात कुठे सापडली नाही.