फाळाचा नांगर, साखळी आणि दोर: मोसमभर वापरल्यानंतर

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली तेव्हा हा नांगर घेतला, आता मे संपत आलाय. होडी फायबरची, 18 फुटी, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड. फिरणं मालवण ते देवबाग, कर्ली नदीच्या मुखाशी, अधूनमधून कोळंबच्या खाडीत. नांगर डॅनफर्थ पद्धतीचा, म्हणजे दोन चपटे फाळ आणि मध्ये हलणारा दांडा. वजन पाच किलोच्या आसपास. सोबत 8 मिलिमीटरची गॅल्वनाइज्ड साखळी 4 मीटर आणि 12 मिलिमीटरचा नायलॉनचा दोर 50 मीटर.

वाळूत आणि चिखलात पकड उत्तम आहे, यात वाद नाही. आपल्याकडे बहुतेक छोट्या होड्यांवर सळ्या वाकवून केलेला चार आकड्यांचा नांगर असतो. तो तारकर्लीच्या स्वच्छ वाळूत नुसता रेघा ओढत येतो. हा मात्र फाळ तिरके करून आत शिरतो आणि होडी जितकी ओढेल तितका खोल जातो. पण एका अटीवर: ओढ आडवी हवी. दांडा वर उचलला गेला की फाळ सुटलेच. दांडा तळाशी निजवून ठेवायचं काम साखळीचं वजन आणि लांब सोडलेला दोर करतात. म्हणून नांगराला मी दहापैकी सहा गुण देईन आणि उरलेले चार साखळी-दोराला. दुकानात मात्र सगळी चर्चा नांगराच्या वजनावरच होते.

दोर किती सोडायचा याचा हिशोब इथे बरेच जण ओहोटीच्या पाण्यावर करतात. समजा ओहोटीला 3 मीटर पाणी आहे. दोर खोलीच्या पाचपट हवा म्हणून 15 मीटर सोडला. उधाणाच्या भरतीला मालवणात पाणी 2 मीटर सहज चढतं, आणि दोर बांधलेली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून अर्धा मीटर वर. म्हणजे खरी उंची साडेपाच मीटर झाली, आणि तुमचा पाचपट दोर तिपटीलाही पुरेना. तिथे किमान 28 मीटर हवा, रात्रभर थांबायचं किंवा वारा असेल तर सातपट, म्हणजे 38-39. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला 4 मीटरच्या वर जातो, तिथल्यांनी गणित त्याप्रमाणे वाढवावं. बंदरावरचे एक म्हातारे तांडेल आखूड दोरावर होडी लावणाऱ्या कुणालाही एकच विचारतात, "दोर काय लोणचा घालूक ठेवलंस?"

दोर नायलॉनचाच घ्या. तो ताणला जातो, लाटेचा हिसका स्वतः खातो आणि पाण्यात बुडतो. स्वस्तातला निळा-हिरवा दोर तरंगतो, शेजारच्या होडीच्या पंख्यात जातो आणि उन्हाने वर्षभरात कुसळं सोडायला लागतो.

आता खटकलेली गोष्ट. कर्लीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी उलटतो. होडी फिरते, ओढ उलट बाजूने येते आणि नांगर उपटून निघतो. बहुतेक वेळा तो पुन्हा धरतो. पण एकदा वर काढला तर दांडा आणि फाळ यांच्या फटीत तिसऱ्या माशाचा अख्खा शिंपला पाचरीसारखा बसलेला. फाळ हलायलाच तयार नाहीत. असा नांगर परत कुठला धरायला! समुद्रावर मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, थांबून दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो तेव्हाही हेच होतं, सकाळी किनाऱ्याकडे तोंड असलेली होडी समुद्राकडे वळते. त्यामुळे प्रवाह पालटताना होडी सोडून जेवायला जाणं या नांगरावर मला पटत नाही. खाडीतच मुक्काम असणाऱ्यांनी पंजाच्या आकाराचा ब्रूस पद्धतीचा नांगर बघावा, त्यात हलणारा भागच नसतो.

खडपावर तर हा नांगर बादच. सपाट खडकावर घसरतो, कपारीत अडकला तर येत नाही आणि कालवांच्या कडा दोर कापतात. तिथे तो जुना सळ्यांचा नांगरच बरा, अडकला तर जोराने ओढल्यावर सळ्या सरळ होऊन सुटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मात्र कुठलाच नांगर टाकू नये. 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत, आणि एका नांगराने मोडलेलं प्रवाळ परत वाढायला वर्षानुवर्षं जातात. बोया असेल तर बोयाला बांधा.

टाकायची पद्धत थोडक्यात: नाळ वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे, होडी पूर्ण थांबू द्यायची, नांगर भिरकावायचा नाही, हाताने सोडायचा. भिरकावला की साखळी फाळांना गुंडाळते. होडी मागे सरकेल तसा दोर द्यायचा, मग खुंटीला बांधून इंजिन हळू रिव्हर्सला. हात दोरावर ठेवा: दोर थरथरला, गुरगुरल्यासारखा लागला तर नांगर घसरतोय, ताठ आणि शांत राहिला तर धरलाय. नंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, पुढचा माड आणि मागचा एखादा मनोरा. रेषा फुटून तशीच फाकत गेली तर होडी सरकतेय. आणि दोर कधीही मागच्या बाजूला बांधू नका. तिथे इंजिनाचं वजन असतं, काठ खाली असतो, एक बरी लाट आली की पाणी थेट आत. मासे मारताना सोयीचं पडतं म्हणून बांधणारे रोज दिसतात.

टिकाऊपणा ठीकठाक. फाळांच्या टोकांवरचं जस्त गेलंय, तिथे तांबूस गंज आहे, दांडा धड आहे. नांगर साखळीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, दुकानदाराने स्टेनलेसची दिली होती, ती काढून गॅल्वनाइज्ड लावलं, कारण जोडाजवळच्या कड्या आधी पांढऱ्या, मग लाल पडायला लागल्या होत्या. शॅकलची पिन तारेने बांधलेलीच असावी, हिसक्यांनी ती आपोआप फिरते. फाळ हलते असल्याने बोटं चेमटतात, पोरांच्या हातात देऊ नका.

पावसाळ्यात दोर गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून माळ्यावर जाईल. साखळीकडचं टोक घासलंय, होडीकडचं जवळपास कोरं आहे. पुढच्या मोसमात टोकांची अदलाबदल केली की अजून एक वर्ष निघेल. साखळीच्या शेवटच्या चार-पाच कड्या मात्र कापूनच टाकतोय.