राजारामपुरीतील पेटंट सल्ला: जनुक हाती आले, पण ते सहज सुचण्याजोगे होते का?

मानवी जनुकासंबंधीच्या आमच्या एका संशोधनावर पेटंटचा अर्ज करावा की नाही, हे विचारण्यासाठी मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका पेटंट सल्लागाराकडे दोन वेळा गेलो. आम्ही ज्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले होते, ते प्रथिन आधीपासूनच माहीत होते, आणि सल्लागारांनी पहिल्या दहा मिनिटांत नेमके तिथेच बोट ठेवले, कारण त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोग्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही.

त्यांनी अमेरिकेतील ड्यूएल आणि कुबिन हे दोन निकाल समोरासमोर मांडले. 1995 च्या ड्यूएल प्रकरणात न्यायालयाने असे धरले होते की, प्रथिनातील काही अमिनो आम्लांचा क्रम आणि क्लोनिंगची (जनुक वेगळे करून त्याच्या प्रती काढण्याची) सर्वसाधारण पद्धत माहीत असली, तरी तेवढ्यावरून विशिष्ट डीएनए सहज सुचण्याजोगा ठरत नाही, कारण एकाच प्रथिनासाठी असंख्य डीएनए क्रम संभवतात. मात्र 2007 च्या केएसआर निकालाने ‘करून पाहणे साहजिकच होते’ या युक्तिवादाला पुन्हा बळ दिले. त्यानंतर 2009 मध्ये कुबिन प्रकरणात नेल नावाच्या प्रथिनाच्या जनुकावरील दावा फेटाळला गेला. ते प्रथिन आणि त्याला चिकटणारे प्रतिपिंड आधीच्या एका पेटंटमध्ये आले होते आणि क्लोनिंगची पद्धत प्रयोगशाळेतील नेहमीच्या मार्गदर्शिकेत होती, त्यामुळे यशाची वाजवी अपेक्षा ठेवता येत होती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आमची गोष्ट कुबिनच्या फार जवळ जाते, हे सल्लागारांनी गोड बोलून झाकले नाही, आणि मला या सेवेत सर्वांत मोलाचे वाटले ते हेच.

उणीव भारतीय बाजूची आहे. पेटंट कायद्याच्या कलम 3(सी) नुसार निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचा केवळ शोध पेटंटयोग्य ठरत नाही, म्हणजे सहज सुचण्याचा प्रश्न येण्याआधीच आमचा दावा अडखळू शकतो. आणि हे मला दुसऱ्या भेटीत, तेही मी विचारल्यावर, कळले. अमेरिकेतही 2013 च्या मिरियाड निकालानंतर निसर्गातून नुसता वेगळा काढलेला डीएनए बाद ठरतो, तर प्रयोगशाळेत घडवलेल्या सी-डीएनएला (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीला) वाट मोकळी राहते, अर्थात बाकीच्या कसोट्या चुकत नाहीत. मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज करणाऱ्या कोल्हापूरकराला हा क्रम प्रथम सांगायला हवा होता.

लेखी अहवाल सुबक असला तरी संपूर्ण इंग्रजीत आहे. गाडी लावायला जागा मिळेलच असे नाही. जाताना फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींसह प्रयोगवही बरोबर न्यावी, कारण यशाची वाजवी अपेक्षा नव्हती हे दाखवायला त्या नोंदीच उपयोगी पडतात. माझी दुसरी खेप केवळ ती वही प्रयोगशाळेत राहिल्यामुळे झाली.