बेअरिंग तापवायचे ते तेलात की इंडक्शनवर?

शाफ्टवर घट्ट बसणारे बेअरिंग ठोकून बसवू नये, हे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. प्रश्न उरतो तो ते तापवायचे कशावर एवढाच. मी बरीच वर्षे तेलाच्या टाकीत बेअरिंग तापवत होतो आणि गेली काही वर्षे इंडक्शन हीटर वापरतो आहे. दोन्हींविषयी बोलण्याइतका अनुभव त्यामुळे गाठीशी आहे, निःपक्षपाती मात्र मी स्वतःला म्हणवून घेणार नाही. गॅसच्या ज्योतीचा विचार येथे केलेलाच नाही. ज्योतीखाली एखाद्याच जागी पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरते आणि ते उतरल्याचे वरून दिसतही नाही.

गरज मुळात फार मोठी नसते. पोलादाची लांबी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. म्हणजे १०० मिलिमीटर भोकाचे बेअरिंग शाफ्टपेक्षा ८० अंशांनी गरम केले की भोक जवळजवळ ०.१ मिलिमीटरने मोठे होते, आणि नेहमीच्या बसणीला तेवढे पुरते. म्हणून ११० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबायचे आणि १२० च्या पुढे जायचे नाही, एवढे पाळले की दोन्ही पद्धती आपले काम करतात.

तेलाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. टाकीत आतली आणि बाहेरची रिंग जवळपास सारखीच तापते, एका वेळी पाच-सहा बेअरिंग सोडता येतात, आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. बेअरिंग तळाला टेकू नये म्हणून खाली जाळी हवी, तेल स्वच्छ हवे, आणि धूर व आगीची धास्ती कायम मनात हवी. दोन्ही बाजूंनी सील असलेले बेअरिंग मात्र टाकीत सोडताच येत नाही, कारण तेल आत शिरून भरलेले ग्रीस धुऊन निघते.

माझा निर्णय झाला तो मात्र यांपैकी कशामुळेही नाही. तो झाला पुसण्यामुळे. तेलातून आकड्याने उचललेले बेअरिंग निथळत असते. भोकातले तेल तसेच ठेवले तर हातमोजे बुळबुळीत होऊन पकड सुटते आणि टाकीच्या तळाचा गाळ शाफ्टवर येतो, म्हणून ते पुसावे लागते. आणि आपण पुसत असतो नेमके त्याच वेळी बेअरिंग आकसत असते. एकदा एका पंपाच्या शाफ्टवर बेअरिंग चढवताना भोकाच्या कडेला कापडाचा धागा अडकलेला दिसला, तो काढण्यात काही क्षण गेले, आणि थंड शाफ्टवर सरकवलेले ते बेअरिंग शाफ्टच्या खांद्यापासून, म्हणजे जिथे ते टेकायचे त्या पायरीपासून, दोन बोटे अलीकडे जे थांबले ते थांबलेच. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी ग्राइंडरने कापून काढावे लागले, आणि शाफ्टला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यातच दुपार गेली. चूक माझ्या हाताची होती, तेलाची नव्हती, असे कोणी म्हटले तर मला वाद घालता येणार नाही. पण कोरडे बेअरिंग हातात असते तर तो धागा तेथे आलाच नसता.

इंडक्शन हीटर हा तत्त्वतः एक ट्रान्सफॉर्मरच आहे. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनावर तो चालतो: पातळ पत्र्यांच्या थरांनी बनवलेल्या गाभ्यावर प्राथमिक गुंडाळी असते, आणि त्याच गाभ्याच्या आडव्या दांड्यात ओवलेले बेअरिंग हे एकाच वेढ्याची, टोके जोडलेली दुय्यम गुंडाळी बनते. त्यात व्होल्टेज अगदी कमी पण विद्युतप्रवाह प्रचंड वाहतो, आणि पोलादाच्या स्वतःच्या रोधामुळे उष्णता बेअरिंगमध्येच निर्माण होते. गाभा थरांचा असल्याने त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फारसे उठत नाहीत आणि तो त्या मानाने थंड राहतो. रिंग अखंड असणे मात्र आवश्यक आहे. चिरलेल्या कड्यात प्रवाहाचा फेरा पूर्ण होत नाही.

येथे वारंवारतेची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. वारंवारता जितकी जास्त, तितका प्रवाह पृष्ठभागाजवळ राहतो. गिअरच्या दातांना किंवा क्रँकशाफ्टच्या जर्नलना (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांना) वरून कठीण आणि आतून चिवट ठेवायचे असते, तेव्हा हाच गुण उपयोगी पडतो. आपल्याला येथे नेमके उलटे, म्हणजे आतपर्यंत तापवायचे असते, आणि त्यासाठी साधी ५० हर्ट्झची वीज चांगली, कारण तिचा प्रवाह पोलादात काही मिलिमीटर खोल जातो.

प्रत्यक्ष काम असे: दांडा उचलून बेअरिंग ओवायचे, तापमानाचा प्रोब आतल्या रिंगला चिकटवायचा आणि गुणगुण ऐकत उभे राहायचे. काही मिनिटांत शिट्टी वाजते, आणि कोरड्या हातमोज्यांत कोरडे बेअरिंग येते. पुसायचे काही नसते.

दोष यातही आहेत. आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा लवकर तापते, त्यामुळे कमी क्लिअरन्सच्या, म्हणजे रिंगा आणि रोलर यांच्यात मोकळीक कमी असलेल्या बेअरिंगला घाईने तापवले तर रोलर आतल्या आत दाबले जाऊन ते ज्यावर फिरतात त्या रिंगेच्या धावपट्टीवर खुणा उमटू शकतात. अशा वेळी शक्ती कमी ठेवावी. दुसरे म्हणजे उरलेले चुंबकत्व. शेवटच्या काही सेकंदांत यंत्र ते आपोआप उतरवते, पण सुरुवातीच्या दिवसांत मी शिट्टी वाजताच बेअरिंग ओढून काढत असे, आणि एकदा टेबलावरचा लोखंडी कीस त्याला मिशांसारखा चिकटला. आता मी टाचणी जवळ नेऊन पाहतो. शिवाय एका वेळी एकच बेअरिंग होते, आणि मोठ्या बेअरिंगमध्ये बारीक दांडा घातला तर वेळ फार लागतो.

वर्षातून चार-दोन बेअरिंग बदलणाऱ्यास हॉट प्लेट कदाचित पुरेल. एकाच मापाची अनेक बेअरिंग एका दिवशी बसवणाऱ्यास टाकी सोडा असे मी ठामपणे सांगणार नाही. पण काम रोजचे असेल, मापे बदलती असतील आणि सील असलेली बेअरिंगही येत असतील, तर माझे मत कोणीकडे झुकते हे एव्हाना लपलेले नसावे.

टाकी मी मोडीत काढलेली नाही. हीटरच्या दोन खांबांमध्ये न मावणारे बेअरिंग आले की ती कोपऱ्यातून बाहेर येते. मागच्या खेपेला झाकण उघडले तेव्हा तेलावर काळपट साय धरली होती, आणि ती गाळून होईपर्यंत कापडाचे दोन तुकडे वाया गेले होते.